ढेकर न येणारा प्राणी

धारवाडच्या सप्तापुरात पहाटे फिरायला निघालेली निवृत्त मंडळी जाताना राजकारणावर बोलतात आणि परतताना हमखास पोटावर येतात. "साफ झालं का?" हे इथे "नमस्कार"च्या जागी चालतं, आणि उत्तरही तपशीलवार मिळतं. कुणी त्रिफळावाले, कुणी कोमट पाणीवाले, बहुमत इसबगोलवाल्यांचं. दुसऱ्याच्या आतड्यांची इतकी आस्था मी आणखी एकाच धंद्यात पाहिली आहे, ती घोडेवाल्यांच्या.

गेल्या लग्नसराईत सप्तापूर बावीजवळ एक वरात तुंबली होती. पुढे बँड, मागे बस, मध्ये घोडा. नवरदेवाच्या धाकट्या भावाने लाडाने धारवाडी पेढा घोड्याच्या तोंडाशी नेला, तर घोडेवाल्याने मध्येच हात घातला. "नक्को साब, पेढा नक्को. पेट पकड्या तो रातभर फिराना मेरेकूच पड़ता." पेढा वाया जाऊ नये म्हणून तो त्याने स्वतः खाल्ला. मग बँडवाले चहाला थांबल्याची संधी साधून घोड्याच्या कुशीला कान लावला, डावीकडे आणि उजवीकडेही. आत गुडगुड चालू होती. त्याचा चेहरा सैल झाला.

आपल्याकडे चारचौघांत पोट गुरगुरलं की माणूस खोकून घेतो. घोड्याचं पोट मात्र गुरगुरलंच पाहिजे. ते गप्प झालं, घोडा पायाने जमीन उकरायला लागला, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागला, की पोटशूळ. मग डॉक्टरांना बोलवायचं, आणि ते येईपर्यंत त्याला लोळू द्यायचं नाही.

एवढ्या धास्तीचं कारण त्याच्या घडणीत आहे. साडेचारशे किलोचं धूड, पण जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट, की खाली उतरलेलं पुन्हा वर येत नाही. घोड्याला उलटी होत नाही, ढेकरही येत नाही. पंगतीत पाचव्या जिलबीनंतर खणखणीत ढेकर देऊन यजमानाला पावती देण्याची आपली सोय त्याला नाही. जो काही विवेक करायचा तो ओठांच्या अलीकडेच, आणि तोही बिचारा मालकाच्या हातात.

एकादशी तर त्याला परवडतच नाही. त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाणं असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चावल्याखेरीज सुटत नाही. म्हणून मोकळं सोडलेलं घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास तोंड हलवत असतं. त्याला आपण खादाड म्हणतो. ते खरं तर औषध घेत असतं. तबेल्यात बांधून दोन वेळची भरगच्च चंदी दिली आणि मधला वेळ उपाशी ठेवलं, की आम्ल जठराच्या वरच्या भागाला लागतं आणि तिथे व्रण होतात. शर्यतीच्या घोड्यांत हे दुखणं सर्रास. जाणते लोक पळवण्याआधी मूठ-दोन मूठ सुकं गवत चारतात. त्याचा थर आम्लाचे हिंदकळे अडवतो.

खरा कारखाना पुढे आहे. गाय आधी आंबवते, मग पचवते, घोड्याचं उलटं. लहान आतडं ओलांडल्यावर सुमारे 30 लिटरची आंधळ्या आतड्याची पिशवी लागते, तिच्यामागे त्याहून ऐसपैस मोठं आतडं. चाऱ्याचे चिवट धागे तिथले जिवाणू फोडतात. या मंडळींना अचानक बदल खपत नाही. चारा बदलायचा तर दहा-पंधरा दिवस जुन्यात नवा मिसळत जावं लागतं. विजापूर-बागलकोटकडून सप्तापुरातल्या क्लासेसना आलेली मुलं जोंदळ्याच्या भाकरीवरून एकदम मेसच्या भातावर आणि रात्री गिरमिट-मिरचीवर जातात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात त्यांचे चेहरे बघावेत. फक्त घोड्याला मेडिकलचं दुकान गाठता येत नाही. हरभरा, हुलगे, मका यांची चंदी जास्त झाली तर अर्धवट पचलेलं पिष्ट मागे जाऊन आंबतं, आणि दुखणं थेट खुरांत उतरतं. जास्त खाल्लं म्हणून लंगडायला लागणारा दुसरा पाहुणा माझ्या माहितीत नाही.

मातीवर टाकलेला चारा खाऊन पोटात वाळू साचली, तर ती काढायला घोड्यांना इसबगोल देतात. हे मी सकाळच्या मंडळींना सांगितलं, तेव्हा बहुमतवाल्यांच्या चालीत एकदम दुडकी आली. एकाने लगेच मात्रा विचारली.

घोड्याचं पोट सांभाळणं हे वाटतं तितकं हलकं काम नव्हे. अज्ञातवासात नकुल ग्रंथिक नाव घेऊन विराटाच्या पागेत राहिला. राजपुत्र असला तरी रोज सकाळी लिदीकडे बघितल्याशिवाय त्याचं भागलं नसणार. गोळे ओलसर आहेत ना, फार कोरडे नाहीत ना, रात्रीतून नेहमीइतके पडलेत ना, हे आजही कुठलाही मोतद्दार आधी बघतो. पाणी कमी प्यायलेल्या घोड्याची लीद आधी कोरडी पडते, मग अडकते. धारवाडच्या पावसाळी गारव्यात घोडी पाण्याला तोंड लावायला कुरकुरतात, तेव्हा तर हे बघावंच लागतं.

सुगी झाली की चिकोडी-रायबागकडचे मेंढपाळ कळप घेऊन आमच्या भागातल्या मोकळ्या रानांत बसायला येतात. त्यांच्या तट्टांवर भांडी, वाकळा, दमलेली कोकरं असा अख्खा संसार असतो. पुण्या-सोलापुराकडच्या धनगरांच्या अशाच भीमथडी तट्टांची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. त्यांचं पथ्यपाणी कुणी लिहून ठेवलेलं नाही. चालता चालता बांधावरचं खायचं, ओढा लागला की प्यायचं, पुन्हा चालायचं. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं "न फिरवल्याने" हे उत्तर त्यांना ठाऊक असायची गरजच पडत नाही.

मेंढपाळांच्या अशाच एका तळावर मी एका बाईंना विचारलं, "मावशी, या तट्टाचं पोट कधी दुखत नाही का?" त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"खातंय, हागतंय, चालतंय," त्या म्हणाल्या, आणि ओझ्यावर बसवलेल्या कोंबडीचा पाय नीट बांधायला लागल्या.