कंगव्याचे दात

ब्रॅडफर्ड, इंग्लंड

ती. बाबांस,


तुमचा आरोप पोचला. केस विंचरायच्या वस्तूला इंग्रज ‘कोम’ म्हणतो, कोंबड्याच्या तुऱ्याला कोम म्हणतो, मधमाश्यांच्या पोळ्यालाही कोमच म्हणतो आणि पोलिसांनी रानात शिरून माणसं हुडकली तरी त्याच शब्दावर भागवतो. म्हणजे एकच कप विसळून दहा पाहुण्यांना चहा देणाऱ्या घरासारखी ही भाषा, असा तुमचा निकाल. आमचं इथून अपील आहे. हा शब्द मुळात केसांचा नाहीच, दातांचा आहे. तुमच्या संस्कृतातला दाताचा किंवा दाढेचा ‘जम्भ’ हा त्याचा दूरचा भाऊबंद. भाषाशास्त्रज्ञ दोघांची वंशावळ एकाच खापरपणजोबांपर्यंत नेतात. एकदा दात हातात आला की निम्मा गुंता तिथंच सुटतो. तुरा म्हणजे कोंबड्याच्या डोक्यावर उगवलेली दातांची रांग. त्यात कंजुषी कसली?

आता उरलेला निम्मा. या दातांचं केस हे किरकोळ गिऱ्हाईक. ठोक गिऱ्हाईक मेंढी. आमचं हे गावच लोकर विंचरून मोठं झालं. यंत्रं येण्यापूर्वी कारागीर लांब लोखंडी दातांच्या फण्या शेगडीवर तापवत, तेल लावलेली लोकर एका फणीत अडकवत आणि दुसरीनं ती ओढून काढत. आखूड तंतू दातांत मागे राहत, लांब तंतू सरळ होऊन एका दिशेनं बाहेर येत आणि त्या लांब तंतूंचं सुटाचं उंची कापड होई. कोंदट खोलीत, कोळशाच्या धुरात दिवसभर हेच काम. या मंडळींचा कुलस्वामी संत ब्लेझ. त्याचा छळ लोकर विंचरायच्या फण्यांनी झाला अशी आख्यायिका आहे, म्हणून लोकर विंचरणाऱ्यांनी नेमका तोच निवडला. (साहेबाच्या विनोदबुद्धीबद्दल तुम्हाला शंका असते म्हणून सांगितलं.) 1825 च्या फेब्रुवारीत इथं त्याची मोठ्या थाटात मिरवणूक निघाली आणि त्याच वर्षी हे कामगार संपावर जाऊन काही महिन्यांनी हरले. पुढं सॅम्युएल लिस्टरसारख्यांच्या यंत्रांनी हाताचं विंचरणंच संपवलं. धंदा गेला, शब्द राहिला. गबाळ्या माणसाला इंग्रजीत आजही ‘अनकेम्प्ट’ म्हणतात, म्हणजे न विंचरलेला. आणि केम्पस्टर आडनावाच्या माणसाच्या घराण्यात कधीकाळी कुणीतरी लोकर विंचरत असे.

तेव्हा विंचरणं म्हणजे नटणं हा आपला समज. इंग्रजीत त्याचा खरा अर्थ वेगळं काढणं. पोलीस रान विंचरतात ते याच अर्थानं: दात आत घालायचे, जाईल ते जाऊ द्यायचं, अडकेल ते धरायचं. आणि हसायला आपल्याला तोंड कुठं आहे? आपण रान ‘पिंजून’ काढतो. ते लोकरीवरून गेले, आपण कापसावरून. इतका झकास शब्द घरात असताना आपली वर्तमानपत्रं गडचिरोलीच्या बातमीत ‘कोंबिंग ऑपरेशन’ छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, पोलिसांनी नक्षलवाद्यांना व्हॅनमध्ये कोंबलं.

तुम्ही विचाराल, पोळ्याला दात कुठले? हा आक्षेप वजनदार आहे. मधाच्या पोळ्याला कोम म्हणायची रीत इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीपासून आहे आणि इंग्रजीच्या जर्मन, डच बहिणींनी ती उचललेली नाही. पोळ्यातले मेणाचे पापुद्रे शेजारी शेजारी, मध्ये थोडी फट ठेवून लोंबतात, त्यावरून हे नाव पडलं असावं असा एक तर्क आहे. मला तो पटतो, पण कोर्टात शपथेवर सांगणार नाही. दुसरा आक्षेप असा येईल की दिसेल त्या शब्दाला दात बसवता येतील. नाही येत. इल्फ्राकूम या गावाच्या नावातही इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीच अक्षरं आहेत, पण तो शब्द दरीचा, त्याचं कूळच निराळं. नुसत्या उच्चारावर सोयरीक जुळवायची तर कोंबडा आणि कोम हे सख्खे भाऊ ठरतील.

राहता राहिली आपली फणी. डोक्यातल्या उवा काढते ती फणी, मागातले ताण्याचे धागे वेगळे ठेवून बाण्याचा धागा ठोकून बसवते तीही फणी आणि बाजारात केळ्यांच्या घडातून कापून देतात तीही फणीच. एक शब्द, तीन ठिकाणी कामाला. त्याला आपण मराठीची समृद्धी म्हणतो, मग इंग्रजाला दरिद्री का म्हणायचं? अपील मंजूर करावं.

ता. क. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा उवांवरचा मुख्य इलाज औषध नव्हे, विंचरणं आहे. ओल्या केसांतून बारीक दात फिरवायचे, पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. सतराव्या दिवशी तपासणी. उवांचंही तेरावं घालतात म्हणायचं. तेव्हा पुढच्या पार्सलात लोणच्याबरोबर दोन्हीकडे दात असलेली एक लाकडी फणी पाठवा. दात मोजून घ्या, दुकानदार तुटकी गळ्यात मारतात.

सर्वांना सा. न.

तुमचा,
बंडू