जाब विचारण्याची मुंबई पद्धत

मुंबईच्या पोलीस आयुक्ताला जाब कसा विचारतात? होमगार्डमध्ये धाडून.

शीना बोरा खून प्रकरणात आयुक्त राकेश मारिया स्वतः खार पोलीस ठाण्यात चौकशीला बसत. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांना अचानक बढती मिळाली, महासंचालक, होमगार्ड! नंतरचे आयुक्त परमबीर सिंग यांचा खाक्या वेगळा. अँटिलियाजवळच्या स्फोटकांच्या प्रकरणात त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला अटक झाली आणि मार्च २०२१ मध्ये तेही तिथेच पोहोचले. बदली होताच त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले: गृहमंत्री महिन्याला १०० कोटींची वसुली मागतात. (मंत्र्यांनी आरोप फेटाळला. आयुक्तपदाच्या खुर्चीत बहुधा कागद मिळत नसावा.)

जाब विचारायचा दुसरा मार्गही होता: पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बजावले होते. महाराष्ट्राचा कायदा आला २०१४ मध्ये. सरकारी हिशेबाने तातडीनेच.