आमची माती, आमची चाळ

आमच्याकडे टीव्ही आला तो १९७८ साली, बाबांच्या पतपेढीच्या कर्जातून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं, म्हणजे आम्ही काही पहिल्या पंगतीचे नव्हे. पण गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर टीव्ही घेणारे आम्हीच पहिले, आणि चाळीत मजल्याचा मान तालुक्याएवढा असतो.

टीव्ही कसला, चार पायांचं लाकडी कपाटच ते. पुढे सरकतं शटर, शटरला कुलूप, कुलपाची किल्ली आजीच्या बटव्यात. त्याच बटव्यात तिच्या पाटल्यांची पावती असायची, यावरून किल्लीची प्रत समजावी.

हल्लीची मुलं ‘दिवसभर टीव्ही पाहिला’ म्हणतात. तेव्हा टीव्हीचा दिवस संध्याकाळी उगवायचा आणि रात्री दहा-साडेदहाला मावळायचा. आमच्या खोलीत मात्र सहालाच झुंजुमुंजू व्हायचं. आधी गच्चीवरच्या अँटेनावर बसलेला कावळा हाकलायचा. मग अँटेनाचं तोंड वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे करायचं. बाबा गच्चीवर, मी जिन्यात, पहिल्या मजल्यावरचा बंड्या गॅलरीत आणि आई टीव्हीसमोर. आई ‘आलं’ म्हणायची, ते आमच्यामार्फत बाबांपर्यंत पोचेस्तोवर चित्र गेलेलं असायचं. मग ‘गेलं’ निघायचं, ते वाटेत ‘आलं’ला ओलांडून पुढे जायचं. पावसाळ्यात एकाची दोन माणसं दिसत. मागचं जरा फिकट, पुढच्याचं ऐकून तेच बोलणारं, आमच्या मालकाच्या मुनिमासारखं.

चित्र एकदाचं बसलं की शटर पुन्हा बंद, कारण ते उघडायचा मुहूर्त सिग्नेचर ट्यूनचा. रविशंकरांची ती सनई-सतारीची धून वाजायची, पडद्यावर दोन स्वल्पविराम गरगर फिरत एकमेकांत अडकून डोळा व्हायचे, आणि तोवर दाराबाहेर चपलांचा ढीग झालेला असायचा. मी एकदा मोजल्या होत्या: ३१ जोड आणि एक सुटी कोल्हापुरी. खोली दहा बाय बाराची.

आणि मग ही सगळी मंडळी, गिरणीतले आप्पा, निवृत्त हेडक्लार्क मास्तर, शेजारच्या काकू, तिसऱ्या खोलीतली नवी नवरी, मांडीला मांडी लावून श्वास रोखून काय पाहायची, तर शेतीवरचा ‘आमची माती, आमची माणसं’. यांतल्या कुणाकडे ढेकळाएवढीही माती नव्हती. आजीची कोकणात सात गुंठे होती, तीही दिवाणी कोर्टात. पण लागलंय ते पाहायचं, ही त्या काळची रीत. दुसरा चॅनल नव्हताच, त्यामुळे आवडनिवड नावाची चैन कुणाला परवडत नसे. संकरित ज्वारीवरची खोडमाशी, कपाशीवरची बोंडअळी, करडईवरचा मावा, आमच्या गॅलरीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं कीड ओळखून औषध सांगितलं असतं. प्रत्यक्षात आम्हांला माहीत असलेली एकमेव कीड म्हणजे ढेकूण, आणि ढेकणावर कृषितज्ज्ञ कधी बोलले नाहीत.

आजी मात्र तो कार्यक्रम परीक्षा असल्यासारखा ऐके. तिची शेती म्हणजे डालड्याच्या डब्यातली तुळस. ती त्या पावसात जरा पिवळी पडली होती. एका गुरुवारी तज्ज्ञांनी सांगितलं, अमुक पिकाला हेक्टरी १०० किलो युरिया द्या. आजीनं मला हाक मारली. “हेक्टरी म्हणजे किती रे?”

“शंभर गुंठे, आजी.”

“मग आपल्या डब्याला किती?”

मी सातवीत होतो आणि त्रैराशिकं कुठे वापरायची याची वाटच पाहत होतो. डब्याचं तोंड फूटपट्टीनं मोजलं, १५ सेंटिमीटर. पाटीवर वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं, हेक्टरात किती चौरस मीटर ते मास्तरांकडून पक्कं करून घेतलं, आणि उत्तर आलं पावणेदोन दशांश ग्रॅम. आजीला ग्रॅम चालत नसत. मास्तरांनी त्याचा हिशोब तिच्या मापात करून दिला: साधारण दीड गुंज.

गुंज म्हटल्यावर तिला एकदम उमगलं. आप्पांनी गावाहून पुडीत युरिया आणला, आणि आजी ती पुडी घेऊन चाळीखालच्या सोनाराकडे गेली. सोनारानं चष्मा लावला, काचेच्या पेटीतला काटा काढला, एका पारड्यात दीड गुंज वजन ठेवलं आणि दुसऱ्यात चिमट्यानं एकेक पांढरा दाणा सोडत युरिया तोलून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मजुरी मागितली नाही.

घरी आल्यावर आजीनं कागद उलगडला. तळाशी चिकटलेले ते दाणे पाहून तिचा जीव तुटला. “एवढ्याशानं त्या बिचारीचं काय होतंय?” म्हणाली, आणि उरलेल्या पुडीतली एक मूठ तिनं तुळशीला घातली. तुळस चौथ्या दिवशी गेली. आजीनं तज्ज्ञांना दोष दिला नाही, टीव्हीवरचा माणूस खोटं कशाला बोलेल? मलाही दिला नाही. तिचा निर्णय झाला तो असा: “सोनारानं मापात मारलं.”

याच सुमारास बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून टीव्हीला लावायचा रंगीत प्लॅस्टिकचा कागद आणला. वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. आकाश निळं, माणसं गोरी-गुलाबी, जमीन हिरवी, अशी योजना. शेतीच्या कार्यक्रमाला तो कागद इतका शोभायचा की आप्पांच्या डोळ्यांत गाव उभा राहायचा. पण तज्ज्ञ जवळून दिसले की कपाळ निळं, नाक नारिंगी आणि हनुवटीला कोवळं गवत. पंधरवड्यानं कागद निघाला, त्यावर पापड वाळले.

साडेसातला बातम्या. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनी गाजवलेली ती खुर्ची. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायची, हे आम्हांला फार पुढे कळलं. काकूंना तेव्हाच कळतं तर त्यांनी टीव्हीखाली वाकून पाहिलं असतं. बायकांचं लक्ष बातम्यांत नसेच, सगळी चर्चा साडीच्या रंगाची. काकू म्हणायच्या मोरपंखी, आई म्हणायची डाळिंबी. नवी नवरी पदर सावरत हळूच म्हणायची, “मला तर आंबा कलर वाटतो.” पडद्यावर ती साडी राखाडी, आणि प्रत्येकीला आपला रंग स्वच्छ दिसत होता. बाबा ओरडायचे, “अहो, तिकडे सरकार पडतंय!” त्यावर काकू: “पडू दे, काठ बघा काठ.”

नंतर ‘आपण यांना पाहिलंत का?’. हरवलेल्या माणसांचे फोटो, खाली वर्णन: उंची ५ फूट ४ इंच, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा. काळ्या-पांढऱ्या टीव्हीत सगळेच सावळे आणि सगळ्यांचेच सदरे पांढरे. वर्णन ऐकून बाबा खोलीभर नजर फिरवायचे, निम्मा प्रेक्षकवर्ग त्यात बसत असे. आप्पांना दर वेळी वाटे की याला आपण परळला पाहिलंय.

मध्येच पडदा जाऊन ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. तीही आम्ही पाहायचो. कुणी उठायचं नाही, जागा जायची भीती. आजी त्यातल्या अक्षराचं वळण कसं सुरेख आहे ते मला दाखवायची.

गुरुवार असला की रात्री सिनेमातल्या गाण्यांचं ‘छायागीत’. त्या वेळी चपलांचा ढीग जिन्यापर्यंत पोचायचा आणि एरवी टीव्हीला ‘डबडं’ म्हणणारे पहिल्या मजल्यावरचे नानाही दारात येऊन पाठमोरे उभे राहायचे. बघत नाहीत, ऐकताहेत, असं. हीरॉइनचं गाणं आलं की मात्र त्यांची मान आपोआप वळायची.

शेवटी इंग्रजी बातम्या. त्या फक्त मास्तरांना कळत, पण उठायचं कुणीच नाही. मास्तर एकेका वाक्यावर ‘हं’ म्हणत मान डोलवायचे. त्यांचा ‘हं’ लांबला की काहीतरी गंभीर आहे एवढं आम्ही समजायचो.

मग निवेदिका शुभरात्री म्हणायची, बाबा खटका फिरवायचे आणि चित्र आक्रसत आक्रसत पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा. दिवा बंद, खोलीत काळोख, आणि सगळी माणसं त्या ठिपक्याकडे टक लावून बसलेली. “आहे अजून,” आप्पा म्हणायचे. “आहे,” मास्तर दुजोरा द्यायचे. आजी हात जोडून बसलेली असायची. देवापुढची वात शांत होताना बसायची, तशीच.

ठिपका विझला की बाबा दिवा लावायचे, आजी शटर ओढून कुलूप घालायची आणि बाहेर चपलांसाठी रेटारेटी सुरू व्हायची. सगळे गेल्यावरही एक जोड कायम उरायचा. कुणाचा ते कधीच कळायचं नाही. बाबा तो उचलून बाजूला ठेवत म्हणायचे, “उद्या याचाच फोटो देतो वरळीला. उंची सव्वादोन इंच, रंग सावळा.”