माझ्या नंबरावर लाल शिक्का मारणाऱ्या सज्जनांस

प्रति,
मा. अज्ञात सज्जन
(माझ्या मोबाइल क्रमांकावर 'स्पॅम' असा शिक्का मारणारे),
नांदेड, लातूर आणि या दोन्हींच्या मधले सर्व.

विषय : तोंडाने न दिलेल्या नकाराबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, मी नांदेडातल्या एका व्याख्यानमालेचा सचिव आहे. वक्ता अध्यक्ष ठरवतात, हार कोषाध्यक्ष घालतात आणि खुर्च्या मी भरतो. त्यासाठी हिवाळ्यात रोज सकाळी यादी पुढ्यात घेऊन फोन लावत बसतो. परवा लातूरहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, तुम्ही लाल दिसूलालाव!" मी आधी आरशात पाहिलं. मग उलगडा झाला. मी फोन केला की लोकांच्या पडद्यावर माझ्या नावाला लाल पट्टी येते आणि खाली लिहिलेलं असतं : स्पॅम.

असा शिक्का एकट्या-दुकट्याने मारून उमटत नाही, बऱ्याच जणांनी मनावर घ्यावं लागतं. तहसीलदारसुद्धा कारवाईआधी खुलासा मागवतो. तुम्ही तेवढाही वेळ घेतला नाही. पण तक्रार ती नाही. तुम्ही फोनवर मला काय म्हणालात ते माझ्या वहीत टिपलेलं आहे. "येतो की सर." "तुम्ही बोलवायचं अन् आम्ही यायचं नाही, असं कसं?" "घरच्यांनाही आणतो." नाही म्हणणारा एकही नाही. म्हणजे ज्यांनी 'येतो की' म्हटलं, त्यांनीच फोन ठेवता ठेवता 'स्पॅम'चं बटण दाबलं.

आपल्या भागात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. उसने मागायला आलेल्याला चहा पाजून 'बघू पुढच्या हप्त्यात' म्हणत वाटेला लावायचं. वर्गणीवाले दिसले की दारात लहान पोराला पाठवून 'पप्पा बाहेर गेलेत' असं म्हणायला लावायचं. पोरं मोठी झाली, पुण्याला गेली. आता त्यांचं काम हे बटण करतं.

स्पॅमच्या धंद्याचा मूळपुरुष, तुम्हाला सांगतो, माझ्याच जातकुळीचा होता. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्युर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सुमारे चारशे जणांना एकच पत्र धाडलं. जगातलं पहिलं स्पॅम म्हणून ते आज ओळखलं जातं. त्यात काय होतं? त्याच्या कंपनीच्या नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक पाहायला कॅलिफोर्नियात या, असं निमंत्रण! खुर्च्या रिकाम्या राहू नयेत म्हणून जीव टांगणीला लागलेला तोही एक सचिवच. फरक इतकाच की अमेरिकन माणसांनी त्याला खडसावून सांगितलं, पुन्हा असं करू नको.

आपल्याकडे त्या पत्राच्या आधीपासून पोस्टकार्डं फिरत होती. हे पत्र मिळताच अकरा जणांना पाठवा. एकाने पाठवलं त्याला लॉटरी लागली, एकाने फाडलं त्याचा बैल मेला. पंधरा पैशांच्या काळात अकरा कार्डांना एक रुपया पासष्ट पैसे पडत. माणसं कुरकुरत का होईना, कार्डं आणत आणि दिव्याखाली बसून लिहून काढत. त्याला कुणी उपद्रव म्हटलं नाही. देवाचं नाव घेऊन आलेल्याला नाही कोण म्हणणार?

सरकारने नकाराची सोय केली नाही असं नाही. २७ सप्टेंबर २०११ पासून एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस, अशी मर्यादा आली. ती लगेच दोनशेवर गेली. २०१८ मध्ये नवे नियम आले. जाहिरातीच्या कॉलना १४० ने सुरू होणारे वेगळे नंबर आहेत. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावामागे एक अक्षरही असतं, जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. १९०९ वर तक्रार करता येते. पण तक्रारीत कुणी, कधी, काय पाठवलं ते सांगावं लागतं. ते म्हणजे पुन्हा तोंडावर नाही म्हणणंच झालं. त्यापेक्षा लाल शिक्का बरा.

तुम्ही हा शिक्का कशाकशावर मारता, हे मी मेहुण्याकडे बसून पाहिलं आहे. त्याचा पोरगा दहावीला होता तेव्हा लातूरच्या ट्यूशन एरियातून येणारा प्रत्येक संदेश घरात मोठ्याने वाचला जाई. स्कॉलरशिप टेस्ट, फीमध्ये सवलत, गेल्या वर्षीचे नीटचे गुण, खाली हसऱ्या पोरांचे फोटो. एखादा संदेश चुकला तर शेजाऱ्याकडून मागवून घेत. पोराचा प्रवेश झाला आणि तेच संदेश, त्याच नंबरवरून, त्याच हसऱ्या पोरांसह, एका रात्रीत स्पॅम झाले. क्लासने एक अक्षर बदललं नव्हतं. मेहुण्याने वैतागून क्लासचा नंबर ब्लॉक केला, आणि त्याबरोबर 'आपला पाल्य आज गैरहजर आहे' हा संदेशही बंद झाला. ते बंद होणं पोराला दिवाळीनंतर फार आवडलं म्हणतात.

सोयाबीनचंही तेच. ऑक्टोबरात आडतीवरून रोजचा भाव आला नाही तर शेतकरी स्वतः फोन करून विचारतो. माल काट्यावर चढला की तोच भाव डोक्याला ताप. मी तर म्हणतो की आता स्पॅम ही संदेशाची जात राहिलीच नाही. ती घेणाऱ्याची गरज संपल्याची पावती आहे. माझ्या व्याख्यानमालेची गरज तुम्हाला कधी होती, असा प्रश्न तुम्ही विचाराल. तो मी वगळतो.

हे तुमच्या-माझ्याआधी चोराने ओळखलं. तो आता नको असलेलं काही पाठवतच नाही. 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल शेतकऱ्यांच्या ग्रुपवर येते, वाहतूक दंडाची येते, लग्नसराईत तर लग्नपत्रिकाच एपीके होऊन येते. पत्रिका उघडली नाही तर पाहुणे काय म्हणतील! उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे, आणि पुढची पत्रिका तुमच्याच नावाने तुमच्या सोयऱ्यांना. तिला लाल पट्टी कोण लावणार? ओळखीचा नंबर, वर गणपती. पोलीस असल्याचं सोंग घेऊन व्हिडिओ कॉलवर केलेल्या 'डिजिटल अरेस्ट'मध्येही माणूस तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतो. भीती असतेच, पण समोरचा साहेब बोलत असताना फोन कसा कापायचा, हा संकोचही असतो. अशी अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं. कापायचा धीर मात्र ज्याचा त्याला आणावा लागतो.

एक गोष्ट चेष्टेत बसत नाही, तरी सांगतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथ गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या दिवसांत तशा टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं जाहीर केलं. त्या अफवा कुणाला स्पॅम वाटल्या नव्हत्या. त्या आपल्याच माणसांकडून, काळजीपोटी आल्या होत्या.

म्हणून, सज्जनहो, तुमचा नेम चुकतो आहे असं माझं नम्र म्हणणं आहे. मी वाईट वक्ते आणतो, कबूल. कार्यक्रम उशिरा सुरू होतो, आभारप्रदर्शन लांबतं. पण मी पाठवतो ती पत्रिका उघडल्यावर फार तर झोप येते, बँकेतून पैसे जात नाहीत. माझ्यावर मारलेला शिक्का काढावा, आणि पुढच्या फोनला 'नाही येत, सर, कंटाळा येतो' असं स्वच्छ सांगावं, ही विनंती. यादीतलं नाव मी तिथल्या तिथे खोडेन. घरी आल्यावर चहाही पूर्वीसारखाच मिळेल.

कळावे, लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

आपला विश्वासू,
सचिव

प्रत माहितीस्तव : मेहुणे, लातूर. (ताईंचा निरोप द्यायचा आहे, लाल दिसलो तरी फोन उचलावा.)

ता. क. : व्याख्यान शनिवारी सायंकाळी साडेसहाला आहे. किती खुर्च्या लावायच्या म्हणून मंडपवाल्याचा सकाळपासून सारखा फोन येतोय. मी उचललेला नाही. 'सर बाहेर गेलेत' म्हणून सांगायला घरात लहान पोरगंही उरलेलं नाही.