इंपोर्टेड गरिबी

गरिबी चवीला उत्तम असते, फक्त ती आपल्या तालुक्यातली नसावी, एवढंच पथ्य. आमच्या एका स्नेह्यांनी ते काटेकोर पाळलं आहे. सहकुटुंब युरोप टूर करून आल्यापासून त्यांच्याकडे रविवारी कुठल्या ना कुठल्या देशातले गरीब जेवायला असतात. म्हणजे गरीब स्वतः नव्हेत, त्यांचं जेवण. गेल्या खेपेला पॅरिसच्या हमालांची पाळी होती. बेत होता बीफ आणि कांद्याचं सूप.

हमालांचं म्हणतात ते खोटं नाही. पॅरिसच्या ऐन मध्यात ‘ले आल’ नावाची घाऊक बाजारपेठ होती. रात्रभर गाड्या उतरायच्या, सोललेली धडं खांद्यावर टाकून हमाल धावायचे आणि पहाटे पाव-चीज घातलेलं कढत सूप पोटात ढकलायचे. एमिल झोलाने १८७३ साली या बाजारावर अख्खी कादंबरी लिहिली. रात्रभर मौजमजा करून परतणारे शौकीनही त्याच सुमारास तिथे टपकायचे. हमाल भुकेपोटी प्यायचे, हे उतारा म्हणून. १९६९ मध्ये बाजार उचलून शहराबाहेर रंजिसला नेला, लोखंडी मंडप पाडले आणि त्या जागी जमिनीखाली मॉल केला. हमाल गेले, सूप राहिलं, ते आता पर्यटक पितात. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला हा परिच्छेद समजावून सांगायची गरज नाही.

राजेरजवाड्यांनाही या सूपचं श्रेय सोडवलं नाही. पंधराव्या लुईचा सासरा स्तानिस्लास, पोलंडचा पदच्युत राजा, व्हर्सायला जाताना म्हणे वाटेत एका खाणावळीत उतरला. तिथलं सूप त्याला इतकं आवडलं, की अंगात ड्रेसिंग गाऊन तसाच ठेवून तो मुदपाकखान्यात गेला आणि कृती शिकूनच निघाला. राजाचं नाव सूपला चिकटलं. कांदे चिरणाऱ्याच्या वाट्याला काय आलं असेल ते कांदे चिरणाऱ्याला विचारा.

आता कृतीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. एक किलो कांदे उभे चिरायचे आणि लोण्यावर मंद आचेला टाकायचे. पुरवण्यांतल्या ‘झटपट’ कृतींत इथे ‘दहा मिनिटं परता’ असं छापलेलं असतं. दहा मिनिटांत कांदा मऊ पडतो, बाकी काही होत नाही. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडून आतली साखर तांबूस व्हायला पाऊण तास जातो, कधी तासही. ज्युलिया चाइल्डने १९६१च्या आपल्या ग्रंथात प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय: पंधरा मिनिटं झाकून, मग झाकण काढून तीस-चाळीस मिनिटं ढवळत. बुडाला खरपूस थर धरू लागला की दोन चमचे पाणी शिंपडून तो खरवडायचा, पुन्हा धरू द्यायचा, पुन्हा खरवडायचा. करपला की कडवट झालाच म्हणून समजा, मग साखर टाका नाहीतर नशिबाला बोल लावा. अखेरीस पातेलंभर कांद्याचा मुरांब्यासारखा चिकट असा वाडगाभर ऐवज उरतो. उन्हाळ कांदा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पोळ कांद्याचं पाणी आटवता आटवता सिलिंडर आटतो.

स्नेह्यांचे कांदे ॲपवरून आले, जाळीच्या देखण्या पिशवीत, वर शेतकऱ्याचं हसरं चित्र. निफाड तालुक्यातल्या एका खऱ्या शेतकऱ्याने २०१८च्या नोव्हेंबरात साडेसातशे किलो कांदा विकला. हाती आले १,०६४ रुपये. ते त्याने तसेच पंतप्रधानांना मनिऑर्डर केले आणि पाठवणावळीचे ५४ रुपये पदरचे भरले. पंचतारांकित हॉटेलात या सूपचे दोन वाडगे मागवून पाहा, १,०६४ रुपयांत बिल भागलं तर मला कळवा.

बीफचं प्रकरण आणखी शिजलेलं आहे. आपल्या राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी घालणारं विधेयक विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलं आणि राष्ट्रपतींची संमती आली २०१५ मध्ये. मंद आच म्हणतात ती ही. ही बंदी म्हशी-रेड्यांना नाही, त्यामुळे स्नेह्यांच्या पातेल्यात म्हैस होती आणि तोंडात ‘बीफ’. पॅरिसच्या हमालाला हे कळायचं कारण नाही आणि म्हशीला कळून उपयोग नाही.

नळ्या आणि पायाकडचं मांस मिळून दीडएक किलो घ्यायचं, ओव्हनमध्ये चांगलं लालसर भाजायचं, गाजर, तमालपत्र, मिरी घालून पाच-सहा तास शिजत ठेवायचं. खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, वर येणारा फेस काढत राहायचा. हाडांतलं आणि शिरांतलं कोलॅजेन सुटून त्याचं जिलेटिन होतं, म्हणून गार झालेला रस्सा थरथरला तर जमला. कुकरमध्ये हेच काम दीड-दोन तासांत होतं आणि चवीला फारसा धक्का लागत नाही. स्नेह्यांना मी तसं सुचवलं. ते म्हणाले, “शिट्टी झाली की रस्टिक फील जातो.” त्यांनी या सूपसाठी जे बिडाचं भांडं फ्रान्सहून आणवलंय, त्याच्या किमतीत बरे पंचवीसेक कुकर आले असते.

नळीतला मगज काढायची वेळ आली तेव्हा वहिनींनी चमचा घालून पाहिला, सुरीचं टोक घालून पाहिलं, शेवटी कृतीचा व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला. स्वयंपाकाच्या मावशी बीडकडच्या. इतका वेळ त्या ओट्यापाशी गप्प उभ्या होत्या. त्यांनी नळी घेतली, ताटलीवर तिरकी धरून दोनदा आपटली. मगज अख्खाच्या अख्खा बाहेर.

“दादा, मोठ्याचंच हाय न्हवं हे?” त्या म्हणाल्या. “आमची आजी करायची की. नळ्या फोडून रातभर चुलीवर ठिवायची. ऱ्हायलेल्या मटणाच्या चान्या करून दोरीवर वाळवायची, पावसाळ्यात हाताशी असायच्या.”

दादांनी आधी खिडकी लावून घेतली. “अहो मावशी, हळू बोला. हे वेगळं असतं.”

वेगळं म्हणजे काय, हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये सापडतं. २०१५ मध्ये आलेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचं जेवण पाककृतींसकट आहे, चान्यांसकट आहे. स्नेह्यांच्या कपाटात पाकशास्त्राची दीडहात लांब रांग आहे, हे त्यात नाही. मी सुचवल्यावर ते म्हणाले, “ते सामाजिक झालं. मला कुलिनरी हवंय.”

असो. कांद्यावर चमचाभर मैदा भुरभुरायचा, पांढरी वाइन ओतायची, मग गाळलेला रस्सा आणि मऊ शिजलेल्या मांसाचे तुकडे. अर्धा तास सगळं एकत्र रटरटलं की वाडग्यांत काढून वर पावाची खरपूस चकती, तीवर स्वित्झर्लंडहून आलेल्या ग्रुयेअर चीजचा कीस, आणि चीज बुडबुडून कडेला डागाळेपर्यंत ओव्हन. चव सांगायची तर अप्रतिम. इथे मी काही कमी-जास्त बोलणार नाही, हमालांना खाण्यातलं कळत होतं. आम्ही पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर बसून कष्टकऱ्यांच्या जेवणातला साधेपणा या विषयावर तासभर बोललो. मावशींनाही सूप मिळालं, स्टीलच्या वाटीत. त्यांची वाटी त्या घरात पहिल्यापासून वेगळी असते.

येत्या रविवारी टस्कनीच्या शेतकऱ्यांचा नंबर आहे. त्यांचं शिळ्या पावाचं, भाज्या-घेवड्यांचं सूप व्हायचंय. पाव शिळाच हवा अशी अट असल्याने स्नेही बेकरीत शिळा पाव मागायला गेले. बेकरीवाल्याने कानाला हात लावून गरमागरम लादी काढून दिली. तेव्हा आता पाव गुरुवारीच आणायचा, आणि मावशींनी सवयीने त्याचा चुरा परतून नाश्ता करून टाकू नये म्हणून डब्याला चिठ्ठी लावायची, असं ठरलं आहे.