रोग नाही, मग गोळी कशाला?

आपल्या शहराला गोळ्यांचं वावडं नाही. वाळूज-चिकलठाण्यात औषधांचे कारखाने आहेत, गल्लीत एक तरी जण 'फार्मा'त कामाला असतो आणि पित्तावरची गोळी तर शेजारचे काकाच सुचवतात. पण एखाद्या मेडिकलवर जाऊन 'टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिन' नेहमीच्या आवाजात मागून बघा.

"कुणाला पाहिजे?"

"मलाच."

"एचआयव्ही आहे का?"

"नाही. होऊ नये म्हणून."

एवढं ऐकलं की शेजारचं क्रोसिनवालं गिऱ्हाईक दोन पावलं बाजूला सरकतं. ताप त्याला आलेला असतो, पण घाम आपल्याला फुटतो.

'होऊ नये म्हणून' औषध घेणं आपल्याला नवीन आहे म्हणावं, तर तसंही नाही. जानेवारी 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने आर्सेनिक अल्बम 30 सुचवलं आणि नंतर आपल्या ग्रामविकास खात्याने ते खेडोपाडी वाटायची घोषणा केली. त्याने कोरोना अडतो याला पुरावा नव्हता, तरी डबीसाठी रांगा लागल्या. रिकाम्या पोटी घ्यायचं, तीन दिवस. रांगेतल्या कुणाला "तुम्ही असं काय करता, की तुम्हाला कोरोनाची भीती वाटते?" असं कुणी विचारलं नाही.

प्रेपचं उलटं. प्रेप म्हणजे मघाशी मेडिकलवर मागितलेली तीच गोळी: एचआयव्ही निगेटिव्ह माणसाने संसर्गाआधीच घ्यायचं औषध. अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळाली, 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. न चुकता घेतलं तर लैंगिक संबंधातून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे 99 टक्क्यांनी घटतो. एवढा पुरावा असलेली गोळी आपण कागदात गुंडाळून घरी नेतो.

"अशा गोळ्यांनी माणसं सोकावतील," हा ठरलेला आक्षेप. महाराष्ट्रात आज जवळपास 4 लाख एचआयव्हीबाधित आहेत. कोणती गोळी खाऊन सोकावले होते ते? आणि नवरा पॉझिटिव्ह, त्याने उपचार मध्येच सोडलेले, बायको निगेटिव्ह, अशा घरातल्या बाईने काय करायचं? सोकावण्यासाठी तिच्याकडे एक तो नवराच आहे.

सरकारी हिशेबही मजेशीर आहे. लागण झाली की एआरटी केंद्रात औषध फुकट. 2004 पासून ही सोय आहे आणि ती उत्तमच आहे. लागण होऊ द्यायची नसेल, तर मात्र बहुतेकांना खिशात हात घालावा लागतो.

प्रेपच्या नादात पेप विसरू नका. पेप प्रसंग घडून गेल्यावर घ्यायचं: जितक्या लवकर तितकं बरं, 72 तासांच्या आत, पुढे 28 दिवस. आपली पद्धत अशी: शनिवारी रात्री घडतं. रविवार देवाला नवस बोलण्यात जातो. सोमवारी गुगल. मंगळवारी मित्राच्या ओळखीतला 'फार्मा'वाला फोन उचलतो आणि त्याच रात्री मुदत संपते. घाटी रुग्णालयाचा अपघात विभाग रविवारीही उघडा असतो. सुई टोचलेली नर्स किंवा अत्याचार झालेली मुलगी, त्यांनी तर तासभरही थांबू नये.

हे वाचून कुणी परस्पर प्रेपची बाटली आणू नका. आधी एचआयव्हीची तपासणी, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस-बी बघणं, पुढे दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. लागण आधीच झालेली असेल तर ही दोन औषधं पुरत नाहीत, उलट विषाणू त्यांना सरावतो. आणि गरमी-परम्यावर या गोळीचा काही इलाज नाही, तिथे निरोधच.

आता तर लेनाकापाविर आलंय, वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन. अमेरिकेत वर्षाला 28 हजार डॉलरच्या वर किंमत; त्याचीच जेनेरिक 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये देऊ, असं हैदराबादच्या कंपन्या सांगतात. ते बनवायचा परवाना पुण्याच्या एमक्युअरकडेही आहे. म्हणजे सुई आपल्या राज्यात तयार होईलही. ती टोचून घेणाऱ्याची नजर कुठे असेल, तेवढं बघायचं.

तोवर काही विचारायचं असेल तर 1097 ही हेल्पलाइन फुकट आहे. घरच्यांसमोर लावायचा धीर होत नसेल, तर सरळ गच्चीवर जा. टाकीत पाणी आलं का बघायला गेलो होतो म्हणालात, तर या शहरात कुणाला संशय यायचा नाही.