घरबसल्या रशियन कलेचे जाणकार व्हा

या अभ्यासक्रमासाठी रशियाला जाण्याची अट नाही. गेलात तर नुकसान होण्याचाच संभव अधिक, कारण तिथली माणसं भलत्याच चित्रांसमोर गर्दी करतात. रशियन कलेचे जाणकार पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये तयार होतात; पुण्यात किंवा पार्ल्यात व्हायलाही हरकत नाही. साहित्य फारसं लागत नाही. एक फोन, एक काळा सदरा आणि वाक्य अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघण्याची सवय.

सुरुवातीला रंग निवडावा. बाहेरून पाहणाऱ्याला रशियन कला तीनच रंगांत मिळते: सोनेरी, लाल आणि करडा. सोनेरी म्हणजे झार, घुमट आणि अंडी. लाल म्हणजे क्रांती. करडा म्हणजे काँक्रीट, बर्फ आणि कुणीच न हसणं. एका वेळी एकच रंग घ्या. दोन मिसळलेत तर तुम्ही खरंच काही वाचलं आहे असा संशय येईल.

बालवर्ग: सोनेरी

मॉस्कोच्या लाल चौकातलं रंगीबेरंगी कांद्यांसारख्या घुमटांचं चर्च दिसलं की ‘क्रेमलिन’ म्हणावं. ते क्रेमलिन नव्हे. ते सोळाव्या शतकात चौथ्या इव्हानने बांधवलेलं सेंट बेसिलचं कॅथेड्रल आणि उभं आहे क्रेमलिनच्या तटाबाहेर. पण जगभरचे वार्ताहर त्याच्याकडे पाठ करून ‘क्रेमलिनचं म्हणणं असं की...’ सांगत आले आहेत. एवढ्या लोकांना खोटं पाडून तुमच्या हाती काय लागणार?

मग मात्र्योश्का, पोटात बाहुली असलेली बाहुली. तिला ‘शतकानुशतकांची लोकपरंपरा’ म्हणायचं. ती जन्मली १८९० च्या दशकात, मॉस्कोतल्या एका खेळण्यांच्या कार्यशाळेत. वासिली झ्व्योझ्दोच्किन या कारागिराने ती लेथवर कातली, सेर्गेई माल्यूतिन या चित्रकाराने रंगवली. जपानहून आलेल्या एका बाहुलीवरून कल्पना सुचली असंही सांगतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळालं, बाहेरून मागणी येऊ लागली आणि मग तिचं प्राचीनत्व वाढत गेलं. बोरीबंदर-ठाणे आगगाडीपेक्षा ही परंपरा चाळीसेक वर्षांनी लहान आहे, हे मनात ठेवा. बोलून दाखवू नका.

फाबर्जेच्या अंड्यांसमोर ‘रशियन आत्मा’ हे दोन शब्द पुरतात. कार्ल फाबर्जेचं घराणं फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांचं होतं आणि त्याच्या कार्यशाळेत फिनलंडचे कसबी कारागीर बरेच होते, या तपशिलांनी आत्म्याला बाधा येत नाही. १८८५ पासून झारच्या कुटुंबासाठी अशी ५० अंडी झाली. क्रांतीनंतर नव्या सरकारला परकीय चलनाची निकड लागली तेव्हा त्यांतली बरीचशी बाहेर विकली गेली. अमेरिकेतल्या फोर्ब्स घराण्याकडे नऊ जमली होती. ती २००४ मध्ये व्हिक्टर व्हेक्सेलबर्ग या रशियन उद्योगपतीने एकगठ्ठा घेतली आणि आता ती सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहेत. स्वतःचं सोनं रशियाला परक्या बाजारातून सोडवून आणावं लागलं.

या वर्गातला खरा गुरू मात्र सेर्गेई द्यागिलेव. परदेशी माणसाला कसला रशिया हवा आहे हे त्याच्याइतकं कुणाला कळलं नसेल. १९०९ मध्ये त्याने पॅरिसमध्ये ‘रशियन बॅले’ उभा केला. पुढच्या वर्षीचं ‘शेहेरझाद’ घडतं जनानखान्यात. लिऑन बाक्स्तने त्याला असे काही मोरपिशी, नारिंगी रंग दिले की पॅरिसच्या बायका फेटे आणि सैल विजारी घालू लागल्या. पॅरिसला हे सगळं अस्सल रशियन वाटलं. १९७६ मध्ये इव्ह सां लोराँने याच स्वप्नावर कपड्यांचा अख्खा संग्रह काढला. आणि या ‘रशियन बॅले’चा रशियात कधी एकही प्रयोग झाला नाही. द्यागिलेवने कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं, आणि माल पहिल्या प्रतीचा दिला.

मॅट्रिक: लाल

लाल रंगाची कृती सोपी आहे. पिवळट कागद घ्या. त्यावर लाल आणि काळा, तिसरा रंग नको. सगळी अक्षरं पंचेचाळीस अंशांत तिरकी करा. एक त्रिकोण कशात तरी घुसवा. १९१९ मध्ये एल लिसित्स्कीने पांढऱ्या वर्तुळात लाल पाचर घुसवली, तेव्हापासून ही प्रथा आहे. शेवटी ओरडणाऱ्या बाईचा फोटो. ती बाई लिल्या ब्रिक, फोटो आणि रचना अलेक्सांद्र रोद्चेन्कोची, साल १९२४. ती क्रांतीची हाक देते आहे असं समजणारे जगभर आहेत. ती ‘पुस्तकं!’ असं ओरडते आहे. लेनिनग्राडच्या सरकारी प्रकाशनाची ती जाहिरात होती. तिथून ती २००५ मध्ये फ्रांझ फर्डिनांड या स्कॉटिश बँडच्या आल्बमवर पोचली. त्याआधी १९७८ मध्ये जर्मनीच्या क्राफ्टवर्कने लिसित्स्कीच्या धर्तीवर लाल शर्ट, काळे टाय आणि तिरकी अक्षरं वापरून मुखपृष्ठ केलंच होतं. ज्या चित्रांनी भांडवलशाही बुडवायची होती त्यांनी तिची बरीच उत्पादनं विकून दिली.

अक्षरांबाबत एक खास सूचना. इंग्रजी ‘आर’ उलटा काढला की मजकूर रशियन होतो. टेट्रिस हा मॉस्कोतल्या अलेक्सेई पाझित्नोवने १९८४ मध्ये लिहिलेला संगणकावरचा खेळ. त्यात ठोकळ्यांशिवाय काही नव्हतं. पश्चिमेत विकायला काढताना खोक्यावर सेंट बेसिलचे घुमट आले आणि नावातला ‘आर’ उलटा झाला. रशियन वाचकाला तिथे ‘आर’ दिसत नाही, ‘या’ दिसतो, आणि शब्दाचा पार चुथडा होतो. पण पाटी त्याच्यासाठी नाहीच. परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावरून जी शिरोरेषा ओढलेली असते, ती तरी आपल्यासाठी कुठे असते?

आता मालेविचचा ‘काळा चौकोन’. हा प्रात्यक्षिकाचा भाग आहे. समोर दोन मिनिटं उभे राहा. ‘हे तर आमचा बंड्याही काढेल’ हे वाक्य गिळा. नंतर हळूच म्हणा, “कोपरा.” ऐकणारा गोंधळेल, तेव्हा सांगा की १९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात मालेविचने हे चित्र खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगलं होतं, आणि रशियन घरात ती जागा देवाच्या प्रतिमेची. हे खरं आहे, त्यामुळे बेधडक वापरा. २०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयातल्या संशोधकांना त्या काळ्या रंगाखाली दोन जुनी रंगीत चित्रं सापडली, हेही खरं आहे.

इथे चेष्टा थोडी बाजूला ठेवतो. १९३२ मध्ये सोव्हिएत सरकारने कलावंतांच्या स्वतंत्र संघटना मोडीत काढल्या आणि ही सगळी तिरकी, चौकोनी मंडळी अडगळीत गेली. ‘काळा चौकोन’ कित्येक दशकं तळघरात होता. मालेविचने १९२७ मध्ये बर्लिनला नेलेली चित्रं तिकडेच राहिली, म्हणून लोकांना दिसत राहिली. त्यातली काही १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागली. मॉस्कोत या मंडळींची चित्रं कुणी शोधली? कॅनडाच्या वकिलातीत नोकरी करणाऱ्या जॉर्ज कोस्ताकिस या ग्रीक वंशाच्या गृहस्थाने, चित्रकारांच्या नातेवाइकांची दारं ठोठावून. १९७७ मध्ये देश सोडताना संग्रहाचा मोठा वाटा त्याला त्रेत्याकोवला देऊन जावं लागलं. तेव्हा बाहेरची नजर वेंधळी असेल, पण ती नसती तर या पाठात शिकवायला फारसं उरलं नसतं.

तिची खोड एवढीच की जे तिने वाचवलं तेवढंच तिला रशियन वाटतं. रशियन माणसाला लहानपणापासून पाठ असतं ते चित्र इवान शिश्किनचं: १८८९ सालचं, पाइनच्या रानातली सकाळ, मोडलेल्या खोडावर खेळणारी अस्वलाची पिल्लं. ते चॉकलेटच्या वेष्टनावर असतं, त्यामुळे कलेशी संबंध नसलेल्यांनाही ओळखू येतं. गंमत म्हणजे अस्वलं शिश्किनची नाहीतच, ती त्याच्या मित्राने, सावित्स्कीने काढली. चित्र विकत घेतल्यावर संग्राहक त्रेत्याकोवने सावित्स्कीची सही पुसून टाकली. तुमच्यापुढे कुणी शिश्किनचं नाव काढलं तर ‘फारच कथनप्रधान’ म्हणून विषय बदला. परदेशी पाठ्यक्रमात अस्वलं नाहीत.

पदव्युत्तर: करडा

यासाठी जुना कॅमेरा घ्या. लेनिनग्राडच्या कारखान्यात निघणारा ‘लोमो’ १९९१ मध्ये व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांना प्रागमध्ये सापडला. त्याच्या फोटोंचे काळवंडलेले कोपरे आणि भडक रंग त्यांना इतके आवडले की त्याचा जागतिक पंथ झाला. सोव्हिएत जीवनाची खास छटा म्हणून जी मिरवली जाते ती देणारा हा कॅमेरा मुळात एका जपानी कॅमेऱ्यावरून बेतलेला होता.

या कॅमेऱ्याने काढायचे बसथांबे. क्रिस्तोफर हेरविग या कॅनेडियन छायाचित्रकाराचं सोव्हिएत बसथांब्यांवरचं पुस्तक २०१५ मध्ये आलं आणि आडरस्त्यांवरचे ते लाटांसारखे, टोप्यांसारखे, यानांसारखे थांबे जगाला कळले. पाहताना ‘रशियन वेडेपणा’ म्हणायचं असतं. त्यातले भन्नाट थांबे मात्र अबखाझिया, कझाकस्तान, लिथुआनिया, आर्मेनिया असे विखुरलेले आहेत. फोटोत गावकरी आला तर कापा. काँक्रीट एकटं छान दिसतं, आणि त्याला बस किती वाजता आहे असं कुणी विचारत नाही.

पाटी वाचताना

संग्रहालयात चित्राखालची पाटी हा आता अवघड पेपर झाला आहे. मालेविच कीव्हमध्ये पोलिश आईबापांपोटी जन्मला. शगाल व्हितेब्स्कचा आणि बाक्स्त ग्रोद्नोचा. दोन्ही गावं आज बेलारूसमध्ये. कान्दिन्स्की मॉस्कोचा खरा, पण मेला तो फ्रेंच नागरिक म्हणून, आणि मध्ये काही वर्षं जर्मन होता. समुद्र रंगवणारा ऐवाझोव्स्की क्रिमियातला आर्मेनियन. बाहेरच्या जगाने या सगळ्यांना एकाच पिशवीत घालून वर ‘रशियन’ लिहिलं होतं. रशियाच्या युक्रेनवरच्या २०२२ च्या आक्रमणानंतर पिशवी उघडावी लागली. लंडनच्या नॅशनल गॅलरीने देगाच्या ‘रशियन नर्तकी’ त्याच वर्षी ‘युक्रेनी नर्तकी’ केल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पुढच्या वर्षी रेपिन आणि कुइंजी या चित्रकारांच्या पाट्या बदलल्या. पाटीने काय होतं असं वाटत असेल, तर कुइंजीच्या नावाचं संग्रहालय मारिउपोलमध्ये होतं आणि ते मार्च २०२२ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं, एवढं लक्षात ठेवा. या पेपरात विनोदाला गुण नाहीत.

मराठी विद्यार्थ्यांसाठी सवलत

आपल्याकडे चौथा रंग आहे, तो इतरांना शिकवून येत नाही. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून किंवा प्रदर्शनातून नाममात्र किमतीत आणलेली जाड पुठ्ठ्याची रशियन पुस्तकं ज्या घरात होती, तिथल्या मुलांनी मालेविचच्या आधी कोंबडीच्या पायांवरची झोपडी पाहिली. समोवार म्हणजे काय हे त्यातल्या चहाची चव न घेता ठाऊक होतं. हाही रशिया निवडून, रंगवून, सरकारी खर्चाने पाठवलेलाच होता, पण त्यातल्या चित्रकारांना गंभीर काम नाकारलं गेलं म्हणून ती पुस्तकं इतकी सुंदर झाली, असंही घडलं. इल्या कबाकोव्ह मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून पोट भरत असे आणि आपली खरी कला पोटमाळ्यावर करत असे; पुढे जगाने त्याला त्या पोटमाळ्यासाठी ओळखलं.

शिवाय निकोलाय रोरिक आपला आहेच. आपण त्याला हिमालयाचा चित्रकार म्हणतो, कारण कुलूजवळच्या नग्गरला तो १९४७ पर्यंत, मरेपर्यंत राहिला. पॅरिसच्या लेखी तो द्यागिलेवच्या १९१३ च्या गाजलेल्या, प्रेक्षकांत गोंधळ माजवणाऱ्या बॅलेचा नेपथ्यकार. आणि त्याच्या मुलाने, स्वेतोस्लावने, लग्न केलं ते मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणीशी. हे वाक्य कुठल्याही मेजवानीत चालतं.

खरेदी करायची असल्यास

करू नका. रशियन नवकलेच्या बनावट चित्रांचा बाजार फार मोठा आहे. २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरातल्या कला संग्रहालयाला तज्ज्ञांच्या शंकेनंतर अशी चित्रं भिंतीवरून उतरवावी लागली. कलोनच्या लुडविग संग्रहालयाने २०२० मध्ये शहाणपण केलं: स्वतःच्याच संग्रहातली बनावट चित्रं अस्सलांच्या शेजारी टांगून प्रदर्शन भरवलं. विक्रेता जितकी जास्त प्रमाणपत्रं दाखवेल तितकं पाकीट आत ढकला.

भिंत अगदीच ओकीबोकी वाटत असेल तर रोद्चेन्कोचं पोस्टर छापून आणा. त्याने ते छापून भिंतीवर लावण्यासाठीच केलं होतं, त्यामुळे यात कमीपणा नाही. फक्त टांगताना सरळ टांगा; तिरकेपणा आतच छापलेला आहे.